बांधावरची हाक

पेणकरांना हळू बोलता येत नसे. कानात काही सांगायला त्यांनी तोंड जवळ आणलं, की ऐकणारा आपोआप डोकं मागे घ्यायचा. जहाजावर प्रवासी होते त्या काळात त्यांना याचा फार त्रास झाला. प्रवासी झोपलेले असताना कॉरिडॉरमध्ये बोलायचं नाही, अशी समज त्यांना सुपरवायझरने दोनदा दिली होती. दुसऱ्या वेळी पेणकरांनी त्याला सांगितलं, की मी बोललोच नाही, नुसता खोकलो. तेही खरंच असणार.

आज त्यांना भेटणाऱ्याला हे पटायचं नाही. पण ते पुढे.

खरं म्हणजे ते पेणचे नव्हतेच. पेणच्या पुढे, डोलवीच्या अंगाला, खाडीला लागून त्यांचं गाव. त्या गावाचं नाव सांगून जहाजावर कुणाला काय कळणार, म्हणून ते पेण सांगायचे. मीही रोह्याचा नव्हे, रोह्याला खेटून असलेल्या वरश्याचा. पण पहिल्या भेटीत मी रोहा म्हणालो आणि त्यांनी मला कायमचा रोहेकर करून टाकला. मग मीही त्यांना पेणकर केलं. पुढे ते नाव इतकं चाललं, की इंडोनेशियाचे आचारी आणि फिलिपिनो वेटरही त्यांना 'पेंकर' म्हणू लागले.

मी हाउसकीपिंगला होतो, ते प्लंबर. डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली पाइप जोडायचे, तिथून कुणा एजंटाच्या ओळखीने बोटीवर लागले. पन्नाशीला टेकलेले, ठेंगणे, आणि पायाची बोटं पंख्यासारखी फाकलेली. लहानपणापासून चिखलात चाललं की अशी होतात, असं ते अभिमानाने सांगायचे. कंपनीचा बूट त्यांना शेवटपर्यंत बसला नाही.

अशा बोटीवर ज्याने त्याने ज्याला त्याला गुड मॉर्निंग म्हणायचं असतं. हसून म्हणायचं, असंही ट्रेनिंगमध्ये शिकवतात. पेणकर ते म्हणत नसत. ते म्हणायचे, "भरती हाय," नाही तर "ओहटी हाय." ही भरती जहाजाखालच्या पाण्याची नव्हे, त्यांच्या गावच्या खाडीची. आम्ही कुठल्या तरी कॅरिबियन बेटांच्या मध्ये तरंगत असायचो, आणि हा गृहस्थ तिथी आठवून, बोटांच्या पेरांवर हिशोब करून लिफ्टमध्ये कॅप्टनला सांगायचा, "सर, हाय टाइड." कॅप्टन भला माणूस. तो थँक्यू म्हणायचा.

मी त्यांची पुष्कळ थट्टा केली. रोह्याच्या माणसाला खाडी म्हणजे लांबची गोष्ट, आमची कुंडलिका नदी गोड्या पाण्याची आणि निमूट. मग एकदा ते मला घेऊन बसले आणि त्यांनी गाव समजावून दिलं. त्यांच्याकडची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. म्हणजे खाडीने मनात आणलं तर रोज दोनदा ती शेतात येऊ शकते. मधे आहे फक्त एक मातीचा बांध, आज्या-पणज्यांनी चिखलाची ढेकळं रचून घातलेला. खेकडे त्याला बिळं पाडतात. बीळ वेळेत बुजवलं नाही तर उधाणाच्या भरतीला तिथून पाणी घुसतं, बीळ फाटतं आणि खांड पडते. खांड म्हणजे बांधाचं भगदाड. एकदा खांड पडली की आतलं सगळं रान खारं. मग कित्येक वर्षं तिथे भाताचं रोप धरत नाही, खारफुटी तेवढी माजते. एका बांधाच्या आत ज्यांची ज्यांची शेतं, त्यांचा मिळून एक जोळ, आणि बांध राखायचा तो त्या जोळाने.

यातलं मला सगळ्यात नवलाचं वाटलं ते हाकेचं. बांध फुटायला आला की हाक मारायची, आणि हाक कानावर पडली की घरटी एका पुरुषाने असेल तसं निघायचं. ताटावरून उठायचं, आजारी असलं तरी उठायचं. ज्या घरातून माणूस आला नाही त्या घराशी पुढे कुणी धड बोलत नाही. ही हाक मारायचा मान पेणकरांच्या घराचा. आजा मारायचा, बाप मारायचा, मग हे. धाकटा भाऊ हरी शेती बघायचा, पण त्याचा आवाज बारीक. पेणकर बोटीवर आल्यापासून गावात हाक अशी उरलीच नव्हती, फोनाफोनीवर काम भागत होतं. हे सांगताना ते कष्टी व्हायचे. मला तेव्हा वाटलं, माणसाला आपल्या आवाजाचा गर्व असतो, तसाच हा.

मग तो रोग आला. प्रवासी एका बंदरात उतरले आणि पुन्हा कुणी चढलं नाही. बंदरं एकामागून एक बंद होत गेली. आम्ही नोकरमाणसं तेवढी आत राहिलो, आणि जहाज अडत-अडखळत कुठे थांबू देतात ते बघत फिरू लागलं.

रिकामी प्रवासी बोट ज्याने पाहिली नाही त्याला ती सांगणं कठीण आहे. लोकांना वाटतं, मजा असेल. सुरुवातीचे काही दिवस आम्हालाही तसं वाटलं. आम्हाला तळातल्या कोंदट खोल्यांतून काढून वरच्या, बाल्कनीवाल्या प्रवाशांच्या केबिन दिल्या, एकेकाला एकेक. ज्या गाद्यांवर आम्ही चादरी घालायचो त्यांवर आम्ही झोपू लागलो. मग हुकूम आला, की केबिनमधून बाहेर पडायचं नाही. जेवण दाराशी. ज्याची ड्यूटी असेल त्यानेच बाहेर यायचं. जुगाराची मशिनं चादरींखाली झाकलेली, पोहण्याचा तलाव उपसून कोरडा केलेला, नाटकगृहात काळोख. लिफ्ट मात्र मधूनच आपोआप येऊन उघडायची आणि मिटायची. मला त्या उघडणाऱ्या लिफ्टची भीती बसली. अजून आमच्या रोह्यात कुठे लिफ्ट उघडी दिसली तर मी जिन्याने जातो.

सगळ्यांनी वरच्या केबिन घेतल्या, पेणकरांनी मात्र खालची मागून घेतली. पाण्याच्या जेमतेम वर असलेली, एका गोल काचेची. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. ते म्हणाले, बांधाच्या आत राहणाऱ्या माणसाला पाणी कुठवर आलंय ते दिसलं पाहिजे. तिथे ते खाली जमिनीवर झोपायचे, आणि झोपण्याआधी जहाजाच्या लोखंडी अंगावर दोन थापा मारायचे, बैलाच्या पाठीवर मारतात तशा.

आम्हा दोघांना ड्यूटी मिळाली नळ सोडायची. रिकाम्या खोल्यांत पाणी पाइपात साचून राहिलं तर त्यात रोगाचे जंतू होतात, म्हणून प्रत्येक केबिनचा प्रत्येक नळ आणि शॉवर ठरावीक वेळ वाहता ठेवायचा. हजारभर खोल्या. मी किल्लीने दार उघडायचो, ते नळ सोडायचे. शेवटच्या खोलीपर्यंत पोचलो की पुन्हा पहिली.

आता पेणकरांच्या गावात प्यायच्या पाण्याची कोण बोंब. समोर खाडी भरून वाहते आणि बायका टँकरची वाट बघत हंडे लावून उभ्या राहतात. त्यांची बायकोही त्यातच असायची. अशा घरचा माणूस गोडं पाणी रिकाम्या मोऱ्यांत ओतत दिवसभर हिंडत होता. पहिले काही दिवस त्यांनी बादल्या भरून कॉरिडॉर धुतले, गालिचे भिजवले म्हणून ओरडा खाल्ला. मग त्यांनी एक सवय लावून घेतली. नळ वाहतोय तोवर त्याखाली हात धरून उभं राहायचं. खोलीत खोली, तळहात पाण्याखाली. त्यांची कातडी पांढरी पडून सुरकुतली. मी विचारलं, हे काय नवीन? तर म्हणाले, निदान कुणाच्या तरी अंगावर पडून जाऊ दे.

मी हसलो होतो. हसण्यासारखं फारसं काही नव्हतं त्या दिवसांत, म्हणून मिळेल त्यावर हसत होतो.

त्याच सुमाराला बेकरीतल्या माणसाचं झालं. बालीचा होता, चाळिशीतला, अबोल. त्याने एक दिवस केबिनचं दार आतून लावून घेतलं ते उघडेचना. जेवणाची ताटं दाराशी तशीच पडू लागली. अधिकारी येऊन टकटक करून गेले, डॉक्टरीणबाईंनी फोन केला, तो उचलून ठेवून द्यायचा. त्याआधी दुसऱ्या एका बोटीवर एकाने समुद्रात उडी घेतल्याचं आमच्या कानावर आलं होतं, त्यामुळे सगळे घाबरलेले होते. आमची नळांची फेरी त्याच्या दारावरून जायची. पेणकर तिथे थांबायचे, मास्क खाली ओढायचे आणि आपल्या बोलीत त्याला हाक मारायचे. "बेकरदादा, भायेर ये रं. भात थंड जालाय." बालीच्या माणसाला यातलं काय कळणार? पण प्रत्येक फेरीला हे असं. कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दारं थरथरायची. लोक आतून शिव्या द्यायचे, निदान जिवंत असल्याचं कळायचं. शेवटी एका दुपारी दार उघडलं. बेकर दोन्ही कानांवर हात ठेवून उभा होता. त्याने इंग्रजीत विनंती केली, की कृपा करून ओरडू नका, मी जेवतो. पेणकरांनी त्याला ताट उचलून दिलं आणि तो खाईपर्यंत तिथेच उभे राहिले.

परत जाताना त्यांची छाती फुगली होती. मला म्हणाले, "बघलास ना रोहेकर? हाक मारली का माणसा येतान."

मी म्हटलं, तो वैतागून आला. ते म्हणाले, कसाही का येईना.

असं करत करत एकदाचं आमचं जहाज मुंबईकडे निघालं. भारतातले आम्ही शेकडो जण होतो. मुंबई दिसली तेव्हा मोठमोठी माणसं रडली. पण उतरायची परवानगी मिळेना. बंदराबाहेर नांगर टाकून आम्ही पडून राहिलो. मोबाइलला रेंज मात्र आली. मोकळ्या हवेसाठी रोज थोडा वेळ डेकवर सोडायचे, तेव्हा जो तो घरी फोन लावून कठड्याला चिकटलेला असायचा.

पेणकर कठड्याच्या ठरलेल्या जागी उभे राहून पूर्वेला बोट दाखवायचे. तो बघ डोलवीचा धूर, तिथून खाली आलास की आमचं देऊळ. मला नुसता धुरकटपणा दिसायचा. नांगरावरचं जहाज भरती-ओहोटीबरोबर फिरतं. नाक समुद्राकडे गेलं की भरती आत चालली, असं ते मला दाखवायचे. आता त्यांना तिथी मोजायची गरज उरली नव्हती. गावच्या खाडीत शिरणारं पाणी आधी आमच्या पोटाखालून जात होतं. घर एवढं जवळ, की आम्ही थट्टा करायचो, तुम्हाला फोन कशाला हवा, इथूनच ओरडा.

अमावास्येच्या आदल्या दिवशी दुपारी हरीचा फोन आला. त्या वर्षी बांधाची डागडुजी झालेलीच नव्हती. पाच माणसं जमली तरी पोलीस येऊन काठी चालवत होते, त्यामुळे उन्हाळा तसाच गेला. वळणावरच्या बांधाला मोठं बीळ पडलं होतं, आणि त्या दुपारच्या भरतीला तिथून पाणी आत आलं होतं. उद्या उधाण. सकाळी ओहोटीत ते बुजवलं नाही तर खांड पडणार हे नक्की होतं. पोलीस पाटील म्हणत होता, जमायचं नाही. लोक भ्यालेले. एकेकाला विचारलं तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. हरीने भावाला एवढंच सांगितलं, की दादा, हाक मारल्याशिवाय कुणी निघायचं नाही, आणि हाक तुझी आहे.

त्या दुपारच्या फेरीत पेणकरांनी एकाही नळाखाली हात धरला नाही.

संध्याकाळी ते डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि विचारून आले, की माणसांनी किती अंतर ठेवलं तर हा रोग लागत नाही. बाईंनी सहा फूट सांगितलं. मग डेकवर माझ्या दोन्ही बाजूंना पावलं टाकून ते सहा फूट मोजत राहिले. बांधाचं काम कसं होतं, ते त्यांनी मला दाखवलं. ओहोटीत खाडीतला चिकट चिखल कापायचा आणि माणसांची रांग करून ढेकूळ हातोहात पुढे द्यायचं. ढेकूळ जड असतं, फेकलं तर फुटतं. "सहा फूट ठेवली तं ढेकूळ हातान पोचत नाय," ते म्हणाले. मी त्यांना काही सुचवण्याआधीच ते उठून गेले. मला वाटतं त्यांना कुणाचं काही ऐकायचं नव्हतं. एका बाजूला सगळ्या गावाचं भात होतं, आणि दुसऱ्या बाजूला काय होतं ते तेव्हा नीट कुणालाच ठाऊक नव्हतं.

सकाळी ते कोरड्या तलावाच्या काठी उभे राहिले. हरी तिकडे देवळात गेला होता. त्याने फोन देवळातल्या माइकला लावला. पेणकरांनी मास्क काढून खिशात ठेवला, पूर्वेकडे तोंड केलं, फोन तोंडासमोर धरला आणि हाक मारली.

"बांधावर या रंऽऽ! बांधावर या!"

तीनदा. डेकवरची सगळी माणसं जागच्या जागी थांबली. पहाऱ्यावरचा अधिकारी धावत आला तो तसाच उभा राहिला. मी त्या माणसाचा आवाज कितीदा ऐकला होता, पण तो असा काही असेल असं मला वाटलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, माझे पाय आपोआप उचलले गेले. तिसरी हाक संपल्यावर फोनमधून तीच हाक उलटून आली, भोंग्यातून निघून शेतांवरून फिरून आलेली. मग हरीचा बारीक आवाज. "निघाली दादा. माणसा निघाली."

उन्हं वर आली तसं जहाजाने तोंड फिरवलं आणि उधाण आत निघालं. पेणकर सगळी भरतीभर कठडा धरून उभे होते, त्या दिवशी पहाऱ्यावरच्यानेही त्यांना आत धाडलं नाही. जेवले नाहीत. पाणी परतू लागल्यावर फोन आला, बांध राहिला. आम्ही काय केलं म्हणता? नाचलो. ज्यांनी आयुष्यात भाताचं शेत पाहिलं नव्हतं तेही नाचले, कारण त्या बोटीवर कितीतरी दिवसांत कुणाचं काही बरं झालेलं नव्हतं. बालीच्या बेकरने पाव भाजले आणि गरम गरम डेकवर वाटले. पेणकरांनी पहिला तुकडा समुद्रात टाकला आणि दुसरा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी हरी फोनवर कौतुकाने सगळं सांगत होता, कोण कोण आलं, कोण कमरेएवढ्या चिखलात उभा राहिला. फोन कानापासून लांब धरायची पेणकरांची सवय, म्हणून मलाही ऐकू येत होतं. हरी म्हणाला, एकही घर चुकलं नाही, शाळेतलेसुद्धा आले.

पेणकरांनी विचारलं, "शालेतले कोन?"

शाळेतले म्हणजे मुंबईहून चालत गावी आलेले चौघे. गावाने त्यांना शाळेच्या खोलीत वेगळं ठेवलं होतं, घरच्यांनाही भेटू देत नव्हते. पण त्यांच्या घरांत दुसरा पुरुषमाणूस नव्हता. घरटी एक माणूस. हाक झाली तसे ते खिडकीतून उतरले आणि रांगेत येऊन उभे राहिले. कुणी त्यांना परत जा म्हटलं नाही. हाकेला आलेल्या माणसाला परत धाडायची रीतच नाही. त्यांच्यातला एक खोकत होता. त्याच्या शेजारी, ढेकूळ हातात घ्यायला, हरी होता.

हरी हे सगळं हसत सांगत होता. पेणकरांनी मधेच फोन बंद केला.

पुढचं मला लांबवून सांगायचं नाही. आधी रांगेतल्या एका म्हाताऱ्याला ताप आला, मग हरीला, मग घरोघर. आम्ही तिथेच नांगरावर होतो. उतरायची परवानगी आज येते उद्या येते असं चाललं होतं. रोज डेकवर आलं की पेणकर धुराकडे बघायचे. हरीला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. त्याच्याजवळ कुणाला सोडत नव्हते, पण तिथल्या एका नर्सबाईंना दया आली. त्यांनी फोन लावून हरीच्या उशीशी ठेवला आणि सांगितलं, की त्याला बोलता येत नाही, तुम्ही बोला.

मी जेवणाचं ताट घेऊन त्यांच्या केबिनशी गेलो होतो. दार लावलेलं होतं. आतून पेणकर हाका मारत होते. "हरी. ओ दे रं. हरी, ओ दे." बेकरच्या दाराशी मारायचे तशाच, सगळा जोर लावून. लोखंडाची भिंत माझ्या पाठीला हादरत होती. मी खाली बसलो. वरच्या मजल्यांवरून एकेक माणूस जिना उतरून कॉरिडॉरमध्ये येऊन उभा राहिला. हरी, ओ दे. कोण जाणे किती वेळ. मग आतून आवाज येईनासा झाला आणि मला वाटलं, फोन कापला गेला असेल.

हरी गेला. तो म्हातारा गेला, आणि शाळेतल्या चौघांतला तो खोकणाराही गेला. प्रेतं गावात आणू दिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेणकर वेळेवर ड्यूटीला आले. मी दार उघडलं, त्यांनी नळ सोडला. मी काहीतरी बोललो, त्यांनी उत्तर दिलं आणि मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, काय? त्यांनी पुन्हा ओठ हलवले. डॉक्टरीणबाईंनी घसा तपासला, घशाला काही झालं नव्हतं. त्यानंतर उतरेपर्यंत त्यांनी कुणाला भरती सांगितली नाही, ओहोटी सांगितली नाही.

आम्ही उतरलो आणि आपापल्या गावी गेलो. मी बोट सोडली, आता रोह्याजवळ एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आहे, शिफ्ट संपली की घरी. अधूनमधून मी पेणकरांना फोन लावायचो. पलीकडे नुसता श्वास ऐकू यायचा, मग त्यांची बायको फोन घेऊन बोलायची. गावाने त्यांना कधी काही म्हटलं नाही, असं त्या सांगायच्या. म्हाताऱ्याच्या मुलानेही नाही, त्या खोकणाऱ्याच्या आईनेही नाही. उलट ती म्हणाली होती, की हाक आली, माझा लेक गेला, यात तुमचं काय?

गेल्या वर्षी गणपतीची मूर्ती ठरवायला पेणला गेलो होतो, तसाच पुढे त्यांच्या गावी गेलो. पेणकर घरी नव्हते. वहिनींनी चहा दिला आणि म्हणाल्या, बांधावर असतील, दुसरीकडे कुठे जातात? मग त्यांनी जे सांगितलं ते मला आधी खरं वाटेना. आदल्या पावसाळ्यात खांड पडली होती. लावणी होऊन रोपं नुकती धरली होती. पेणकर रोजच्यासारखे बांधावर एकटे बिळं बुजवत फिरत होते. भरदुपारी, उधाणाची भरती. वळणावरच, त्याच जागी, पाणी आत येऊ लागलं. घरं हाकेच्या अंतरावर. रोग नव्हता, पोलीस नव्हते, सगळे पुरुष जेवून ओसरीवर आडवे झालेले. लांबून एक-दोघांनी त्यांना उभं असलेलं पाहिलं, पण नुसता उभा माणूस पाहून कोण धावणार? गावाला कळलं तेव्हा खांड घराएवढी झाली होती. तेव्हापासून मात्र गाव त्यांच्याशी बोलत नाही. तीन माणसं गेली तेव्हा ज्यांनी चकार शब्द काढला नाही, त्यांना हे सहन होत नाही.

"मना, बायकोला पन सांगत नायत ते," वहिनी म्हणाल्या. "तुमी इचारा. तुमचा ऐकतील."

मी बांधावर गेलो. ओहोटी होती. जिथे भात असायला हवं होतं तिथे करडा चिखल पसरला होता, आणि त्यातून खारफुटीची रोपं वर आली होती, वीतभर, हिरवीगार. पेणकर खांडीच्या काठावर बसले होते. म्हातारे झाले होते. त्यांनी मला ओळखलं, हात धरला आणि शेजारी बसवून घेतलं. त्यांचा तळहात अजून सुरकुतलेलाच होता, की मला तसा वाटला.

मग मी विचारलं. सरळच विचारलं, कारण ते मला आतून खुपत होतं, आणि थोडा रागही आला होता. सगळ्या गावाचं भात होतं ते.

"पेणकर, हाक का नाही मारलीत?"

त्यांचे ओठ हलले. वाऱ्यात मला काही ऐकू आलं नाही. मी वाकून कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"हाक मारली का माणसा येतान," ते म्हणाले.